हात लागलेला राजा

नोएलीन पॅस्कोचा गुन्हा एवढाच, की तिनं सूचनांची पुस्तिका वाचली.

आमच्या पोर्ट टॅलनच्या बुद्धिबळ क्लबात डिजिटल पट आले, तेव्हा खोक्याभोवती ही गर्दी जमली. त्यात एक निवृत्त इंजिनिअर होता, दोन शाळामास्तर होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं समजणारा आमचा अध्यक्ष क्लाईव्ह ओपी होता. सगळ्यांनी वा वा केलं आणि वायरींचा गुंता बघून एकेक जण चहाकडे सरकला. नोएलीन पुस्तिका घरी घेऊन गेली, नीट वाचली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन चारही पट चालू करून दिले. झालं! घोंगडं गळ्यात पडलं ते पडलंच.

त्या आधी ती आमच्याकडची सगळ्यात तिखट खेळाडू होती. तिचा खेळ म्हणजे शेजारीण गोड गोड बोलत कुंपण सरकवत नेते ना, तसा. तुम्ही तिच्या सुनेची चौकशी करत असता आणि तुमचं अर्धं अंगण गेलेलं असतं. राज्याच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन आलेली बाई ती. पण पट आले आणि ती 'बोर्डवाली' झाली. त्यानंतर नऊ वर्षं तिनं स्पर्धेत एकही डाव खेळला नाही.

या पटांना पोटात तारा असतात आणि मोहऱ्यांच्या बुडाशी चकत्या. कुणी घोडा उचलून ठेवला की ती चाल आपोआप संगणकात जाते आणि तिथून जगभर. आम्ही खेळायला घेतो त्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये चाललेला डाव पर्थमधला एखादा रिकामटेकडा अंथरुणात लोळत बघू शकतो. आता बाहेरच्या कुणी बघून खेळणाऱ्याला खुणा करू नयेत, म्हणून तो डाव पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात. संगणकापाशी बसणाऱ्याला मात्र आत्ताचं आत्ता दिसतं, शिवाय कोण जिंकतंय तेही यंत्र सांगत असतं. म्हणून फेरी संपेपर्यंत त्यानं बाहेर यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, फोनही बंद. एखादं मोहरं चौकोनात नीट बसलं नसेल आणि यंत्राला ते दिसेनासं झालं, तरच पटापर्यंत यायचं, बोटानं ते सरकवायचं आणि मान खाली घालून परत आत. हा नियम मी पाळायला लावते. मी इथली मुख्य पंच. माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही.

संगणकापाशी बसायची खोली म्हणजे फुटबॉलच्या पंचांची कपडे बदलायची खोली. खिडकी नाही. वर्षानुवर्षं पायांना चोळलेल्या मलमाचा वास भिंतींत मुरलेला. मी दार किलकिलं करून चहा आत सरकवायची आणि पुन्हा लावून घ्यायची. आत नोएलीन दुसऱ्यांचे डाव बघत बसलेली. कधी कधी तिचा हात मांडीवर आपोआप हलताना दिसायचा. पडद्यावरच्या खेळाडूनं खेळायला हवी होती ती चाल ती खेळत असायची.

दरवर्षी मे महिन्यात ती म्हणायची की यंदा मी खेळणार. दरवर्षी क्लाईव्ह म्हणायचा, एवढं वर्ष काढ गं, पुढच्या वर्षी बघू. आणि दरवर्षी बक्षीस समारंभात तिच्यासाठी टाळ्या. एकदा तर पटासारखे चौकोन काढलेला केक, एकदा तहहयात सभासदत्व. हा कौतुकाचा फास फार वाईट बघा. शिवी दिली तर माणूस उलटून भांडेल तरी, टाळ्या वाजवणाऱ्याशी काय भांडणार? केक कापताना ती हसायची, आणि मला त्या केकचा घास उतरायचा नाही.

यंदा मे महिन्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता, हे मला ठाऊक होतं. आता उजव्यातही मधोमध डाग यायला लागला होता. ॲडलेडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की वर्षभरानं पट दिसेल याची खात्री नाही.

"थेल्मा, मला एकदा खेळायचंय," ती म्हणाली. "शेवटचं म्हणून मला त्या खोलीची भिंत नाही बघायची."

मी म्हटलं, मग नाव घाल, क्लाईव्हचं काय ते मी बघते. पण ती पडली सरळमार्गी. दुसऱ्याची सोय लावल्याशिवाय हिचा पाय निघतोय कुठला! तिनं लिंडसेला गाठलं. लिंडसे आमचा निवृत्त औषधवाला, गुणी माणूस, पण वाऱ्यानं दार वाजलं तरी दचकणारा. महिनाभर तिनं त्याला शिकवलं. त्यानं सगळं रंगीत पेनांनी लिहून घेतलं.

जूनच्या लांब सुट्टीत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, स्पर्धा सुरू झाली. हॉलमध्ये हीटर घुरघुरत होते, बाहेर समुद्रावरून बोचरा वारा. शनिवारी नोएलीन खेळायला बसली आणि मी लांबून बघत राहिले. चेहरा पटाच्या एवढा जवळ न्यायची की समोरच्याला वाटावं बाई वास घेतेय. पण खेळ तोच! पहिल्या फेरीत एका बँकवाल्याचं अंगण गेलं, दुसऱ्या फेरीत एका मास्तरचं. चहाच्या सुट्टीत ती नुसती इकडून तिकडे फिरत होती. फिरायचं म्हणून फिरत होती.

खोलीत मात्र लिंडसेचं पार भजं झालं होतं. एका डावातून वजीरच नाहीसा झाला. दुसऱ्या पटावर जगाला दोन पांढरे राजे दिसले. क्लाईव्हच्या फोनवर तक्रारींचा पाऊस. संध्याकाळी पेस्टी, म्हणजे मटण भरलेल्या मोठ्या करंज्या, खायला सगळे बसले, तेव्हा तो तोंड पाडून नोएलीनपाशी आला. क्लाईव्ह वाईट माणूस नाही, हे मला सांगायलाच हवं. तो गोड माणूस आहे, आणि तीच तर पंचाईत आहे. त्यानं तिच्या दोन्ही विजयांचं तोंडभरून कौतुक केलं, मग लिंडसेचा रक्तदाब सांगितला, क्लबच्या अब्रूचं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाला की उद्या सकाळचा डाव जिंकलीस तर प्रश्नच नाही, खेळ शेवटपर्यंत. पण हरलीस तर बक्षिसाचं तसंही काही राहत नाही, मग तेवढं लिंडसेला त्या खोलीतून सोडव.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. नाही म्हण बाई, एकदा तरी नाही म्हण! लिंडसे समोरच बसला होता, पेस्टीचे नुसतेच तुकडे करत होता. नोएलीननं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. हरले तर बसते."

रविवारी सकाळी जोड्या लागल्या. तिसऱ्या पटावर नोएलीन पॅस्को, आणि समोर खुद्द क्लाईव्ह ओपी.

तो डाव मी कधी विसरायची नाही. क्लाईव्ह दणादण खेळत होता, नोएलीन मुंगीच्या पावलांनी. जेवणवेळ होत आली तशी आजूबाजूचे डाव संपले आणि लोक हळूहळू या पटाभोवती जमले. क्लाईव्हकडे हत्ती होता, दोन प्यादी होती. नोएलीनकडे एक उंट आणि एकच प्यादं. पण काय प्यादं! वजीर व्हायला एकच घर उरलं होतं आणि चाल तिची होती. प्यादं पुढे सरकवायचं, वजीर घ्यायचा, विषय संपला. क्लाईव्हच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्या चालीला त्याचा हत्ती ते प्यादं खाणार होता, पण ती पुढची चाल त्याला मिळणारच नव्हती.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. लिंडसे उंबऱ्यात उभा. बाहेर येऊन मोहरं सरकवायची त्याला परवानगी होती, पण एवढी माणसं बघून त्याचे पाय जागीच थिजले. तो नुसता नोएलीनकडे बघत होता, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा. नोएलीनचं लक्ष त्याच्याकडे गेलं, मग पटाकडे. तिचा राजा दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर बसला होता.

आणि तिचं बोट पुढे गेलं. राजाला हलकेच ढकलून तिनं त्याला चौकोनाच्या मधोमध बसवलं.

नऊ वर्षं हेच तर केलं होतं त्या बोटानं! पण तेव्हा ती खेळाडू नव्हती. खेळणाऱ्याला मोहरं सरळ करायचं तर आधी तसं तोंडानं सांगावं लागतं. न सांगता आपल्या चालीच्या वेळी हात लावला, तर तेच मोहरं हलवायचं. राजा हलवला की चाल गेली, आणि चाल गेली की प्यादं गेलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे कळत होतं.

नोएलीननं घड्याळ थांबवलं आणि मला हाक मारली. "थेल्मा, मी राजाला हात लावला. आधी बोलले नाही."

मी तोंड उघडायच्या आत क्लाईव्ह पुढे झाला. मनापासून म्हणत होता तो, डोळ्यांत खरी माया होती. "अगं, सोड की! मी काही तक्रार केलीय का? तू आमची बोर्डवाली, सवयीनं गेला हात. कर आपला वजीर."

मला वाटलं, घे. देवानं दिलंय, मुकाट्यानं घे. हरलीस तर ती खोली आहे, ती भिंत आहे. पंचानं असं मनातसुद्धा आणू नये, पण मी आणलं.

नोएलीन त्याच्याकडे वळली. "क्लाईव्ह, गेल्या वर्षी फादर डॉयलचा घोड्याला हात लागला होता. तू सोडलंस?"

क्लाईव्हनं फादरना तो घोडा हलवायला लावला होता आणि तीन चालींत त्यांचा निकाल लावला होता.

"का नाही सोडलंस?"

"ते... ते खेळत होते ना," तो म्हणाला. बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मान खाली घातली त्यानं.

नोएलीननं माझ्याकडे पाहिलं. मी पंच आहे, मला एकच उत्तर येतं. "हात लावलेलं मोहरं हलवावं लागेल," मी म्हटलं. तिनं मान डोलावली, राजा उचलला, एक घर बाजूला ठेवला, मधोमध, आणि घड्याळाचं बटण दाबलं. क्लाईव्हनं प्यादं खाल्लं.

तरी तिनं लगेच डाव सोडला नाही. एका उंटाच्या जिवावर ती लढत राहिली, नाक पटाला लावून. क्लाईव्हला घाम फुटला, पण हत्ती तो हत्तीच. शेवटी तिनं हात पुढे केला, त्यानं तो दोन्ही हातांत धरला.

मग ती चहाच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या बाकावर सकाळी हरलेले गडी आपापली रडगाणी गात बसले होते. मी तिच्या मागेच होते. नऊ वर्षं तिला या बाकावरून एकच विचारणा झालेली मी ऐकली होती, नेट चालू आहे का. फादर डॉयलनी तिला येताना पाहिलं आणि विचारलं, "काय गं, कसा झाला डाव?"

"हरले," ती म्हणाली. "जिंकलेला डाव हातानं घालवला."

सगळे हळहळले, सरकले, तिला मधे जागा झाली. तिच्या हातात कुणीतरी कप दिला. ती त्यांना सांगायला लागली, उंट कुठं होता, हत्ती कुठून आला, कपाची कड हाच पट समजून बोटानं दाखवत. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. एक मास्तर म्हणत होता की तू आधीच प्यादं ढकलायला हवं होतंस, आणि ती त्याला ठणकावून सांगत होती की तुला यातलं ओ की ठो कळत नाही.

क्लाईव्ह येऊन उभा राहिला. पुढची फेरी सुरू व्हायची होती, त्याच्या हातात खोलीची किल्ली होती. त्यानं ती नुसती पुढे केली, मान वर न करता.

"बसते म्हटलंय ना, बसते," नोएलीन म्हणाली. "पण थांब जरा. आम्ही डावाचं बोलतोय."