तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

भाद्रपदाच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, मारोती चंद्रपूरच्या दवाखान्यात काविळीने गेला. वय चाळिशीच्या आत. सावलीजवळच्या आमच्या गावात तो तलावावर मासे धरायचा. निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. सरपंच आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, दोघांच्याही तोंडून पहिल्यांदा एकच प्रश्न निघाला : आता तुडूम कोण काढणार...

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतली दगडी मोरी. तिच्या पायऱ्यांना भोकं असतात, भोकांत लाकडी बुचं. बुडी मारून बूच काढलं की पाट वाहू लागतो. बुडी मारणारे गावात बरेच होते. पण मासोळीचे वाटे पडले की सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला वाटा घेणारा मारोती एकटाच. "आमच्या घरी काटेच येतात," असं त्याची बायको चारचौघांत म्हणायची. "काट्याजवळचं मास गोड राह्यते," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका वर्षी पाऊस लवकर गेला. बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धान लोंबीवर होतं. एक पाणी मिळालं नसतं तर करपलं असतं. सरपंच म्हणाले, तलाव सोडा. अध्यक्ष म्हणाले, "मासोळी बोटाएवढी हाये. पाणी आटलं तं आमी ढिवरांनी वर्षभर काय खावं?" दोन दिवस सभा चालली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मारोतीला बोलावलं.

"काढतो मी," तो म्हणाला. "पण तिसरी पायरी उघडी पडली का बूच मीच लावन. तिच्याखालचं पाणी मासोळीचं. अन् पाणी शेवटच्या बांधीपासून."

दाजिबा उठले. ते मारोतीचे सासरे. "जावईबापू, माह्यी बांधी पाळीले लागून हाये. पह्यलं पाणी मलेच भेटते."

"म्हणूनच तं, मामाजी. तुमी शेवटी."

दोन्ही बाजूंनी मान्य केलं. पाणी शेवटच्या बांधीपासून एकेक बांधी भिजवत वर आलं. तिसरी पायरी दिसली तेव्हा फक्त दाजिबांची बांधी राहिली होती. मारोती पाण्यात उतरला.

"घंटाभर थांब ना!" दाजिबा पाळीवरून ओरडले. "माह्या बांधीत बेडूकबी भिजला नाई!"

"बेडकाले तलावात धाडा, मामाजी," एवढं बोलून मारोतीने बुडी मारली. बूच बसलं.

पाळीवरचे सगळे हसले. दाजिबा हसले नाहीत. दिवाळीपर्यंत ते जावयाशी बोलले नाहीत. दिवाळीला मारोती बायकोसह सासरी गेला, तेव्हा दाजिबांनी त्याच्या ताटात नुसत्या कण्यांचा भात वाढला. "खा. तुमच्याच पाण्याचं पीक हाये."

मारोतीने तो संपवला आणि ताट पुढे केलं. "अजून वाढा, मामाजी. चव चांगली हाये." तेव्हा मात्र दाजिबांना हसू आवरलं नाही. मारोतीच्या तेराव्याला आलेल्या माणसांना ही हकीकत त्यांनीच सांगितली, आणि सांगताना मारोतीपेक्षा स्वतःचीच नक्कल जास्त केली. त्या वर्षी मासोळी वाचली. दाजिबांची बांधी सोडून बाकी धानही वाचलं. पुढे मारोतीला सोसायटीचं अध्यक्षपद देऊ केलं गेलं. "खुर्चीवर बसून बुडी मारता येत नाई," म्हणून त्याने ते घेतलं नाही.

यंदाही पाऊस लवकर गेला. मारोतीला जाऊन महिना झाला होता. सभा एकाच दिवसात उरकली. पाणी शेवटच्या बांधीपासून सुटलं. मधल्या काळात पाळीजवळची एक बांधी सरपंचांनी विकत घेतली होती. तिसरी पायरी दिसली तेव्हा सरपंचांची ती बांधी कोरडीच होती.

"लाव रे बूच," सरपंच म्हणाले.

मारोतीच्या मेव्हण्याने, दाजिबांच्या मुलाने, बूच लावलं.