मनालीची खुर्ची
शिरोली एमआयडीसीत ओतकाम करणाऱ्या जयसिंग कांबळेंना लेकीसाठी जुनी डिझेल गाडी घ्यायची होती. मनालीची घडी न होणारी चाकांची खुर्ची मावेल एवढी लांब डिकी हवी होती. तशी एकच गाडी ऐपतीत बसली, पण चालू करताच काळा धूर निघाला.

"इंजिन गेलंय हिचं, मामा. घेऊ नका," सोबत आणलेला मेकॅनिक म्हणाला.

दुसरी गाडी ठणठणीत होती. तिच्यात खुर्ची आडवी, तिरकी, उलटी, कशीच जाईना.

"राहू दे की पप्पा. खुर्ची घरीच ठेवूया. कॉलेजात तुम्ही मला उचलून न्या," मनाली म्हणाली.

कंबरेच्या दुखण्यानं हल्ली जयसिंगांना अंथरुणातून उठतानाही भिंत धरावी लागायची. ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांनी ठणठणीत गाडीचाच सौदा केला.