दुसरी क्लॅरिनेट

“शेठनी पोर लोकेसमोर थोडीच वाजाडी? ती दुसरी क्लॅरनेट काढीच टाकूत, नाना. तठे ट्रम्पेट लाऊत. राजपुत्र उना, लोकेसले लगेच समजी.”

मी बँडच्या शेडबाहेर चपला काढत होते, तेव्हा आतून हे ऐकू आलं. दुसरी क्लॅरिनेट म्हणजे मी. बोलत होते युसुफचाचा, नानांच्या बँडमधले सगळ्यात जुने ट्रम्पेटवाले. आवाजात कुचेष्टा नव्हती. उलट माझी अडचण ओळखून सोय लावणारी माया होती. मिरचीच्या आडत्याची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी... तिला कशाला स्टेजवर बसवायचं? नाना काय म्हणाले ते कळलं नाही. त्यांची मुलगी जागृती जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि तिनं रचलेली गोष्ट एकदा तरी गावासमोर वाजवायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिले.

जागृती गेल्याची बातमी मला जेवणाच्या ताटावर कळली. मला कोणी कळवावं, असं कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. डेंग्यू निघालाय, सुरतला हलवतायत, एवढं तिच्या शेवटच्या मेसेजमुळे माहीत होतं. ‘येताना तुला नवी पत्ती आणते,’ असंही तिनं लिहिलं होतं. पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती वेताची पातळ पट्टी, वाजवताना ओठ तिच्यावर टेकतो. दुसऱ्या दिवशी आई फुलके वाढता वाढता म्हणाली, “वो बँडवालों की लड़की थी ना, तुझे सिखाती थी... गई बेचारी. नवापूर के आगे, रास्ते में ही.” मग म्हणाली, “एक और दूँ?” मी मान हलवली. तो फुलका मी पूर्ण खाल्ला. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टाकीतलं पाणी संपेपर्यंत बाहेर आले नाही. तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी विचारलं, तू कोण गं? मी म्हटलं, क्लासला यायचे. एवढं म्हणून मी भिंतीला टेकून बसले, आणि ज्यांना मोठ्यानं रडता येत होतं त्यांच्याकडे बघत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला. असा हेवा मी आयुष्यात कोणाचा केला नव्हता.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं माझ्या भावाच्या वरातीत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि त्या सगळ्या पुरुषांमध्ये एकटी मुलगी. सगळे नाचत होते. मी कडेला पर्स सांभाळत उभी होते. दोन गाण्यांच्या मध्ये ती माझ्याजवळ आली, कपाळाचा घाम कोटाच्या बाहीनं पुसला आणि म्हणाली, “नाचत नाहीस ना? मग जरा हे धर.” क्लॅरिनेट माझ्या हातात देऊन ती पाणी प्यायला गेली. ते लाकूड गरम होतं. मला कोणी इतक्या विश्वासानं काही धरायला दिल्याचं आठवत नव्हतं...

चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाले मोकळे असतात. तेव्हा मी शिकायला जाऊ लागले. आईला बरंच वाटलं. बायोडाटात एक ओळ वाढेल म्हणाली. शेड रेल्वेलाइनच्या पलीकडे होती, पत्र्याची, भिंतीवर ओळीनं टांगलेले लाल कोट. पहिल्याच दिवशी मी हाताळलेली पत्ती तोंडाला लावून जागृती ओरडली, “अगं, हात धुऊन येत जा! ओठ भाजला माझा.” आमच्या घरात मिरची हातांना असतेच, आम्हाला ती जाणवत नाही. त्यानंतर ती दारातच माझे हात धरून वास घ्यायची, मग आत सोडायची. हात धुतलेले असले तरी घ्यायची.

शिकणं मला जड गेलं. क्लॅरिनेटवर खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना अंगठ्यानं एक चावी दाबायची असते आणि बाकी सगळी छिद्रं घट्ट झाकलेली लागतात. तिथे माझा सूर दर वेळी चिरकायचा. मी रडकुंडीला यायचे. एक दिवस ती म्हणाली, “राहू दे. वर नको येऊस. मी येते खाली.” आणि तिनं तिचा सूर पायरी पायरीनं उतरवत माझ्या सुराशेजारी आणून ठेवला. आम्ही एकमेकींच्या झालो ते त्या पावसाळ्यात. त्याविषयी याहून जास्त मला लिहिता येत नाही.

गोष्टीची कल्पना तिला कंटाळ्यातून सुचली. “जन्मभर दुसऱ्यांच्या राजपुत्रांना घोड्यावरून मांडवापर्यंत पोचवलं,” ती म्हणाली. “एक गोष्ट आपली वाजवू.” गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. राक्षसानं राजकन्येला मनोऱ्यात कोंडलंय, राक्षसाचा जीव पोपटात आहे. फक्त यात शब्द एकही नाही. युफोनियम राक्षस, सॅक्सोफोन पोपट, आणि मनोऱ्यातली राजकन्या म्हणजे पहिली क्लॅरिनेट, ती स्वतः. याला बँड म्हणायचं नाही, ऑर्केस्ट्रा म्हणायचं, अशी तिची सक्त ताकीद होती. म्हणून मांडववाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आयुष्यभर उभ्यानं, चालत वाजवलेली माणसं. बसल्यावर पायांचं काय करायचं हे त्यांना कळेना. ड्रमवाला दगडू तर बसल्या बसल्या कवायत करायचा.

पहिल्यांदा ती गोष्ट सलग वाजली त्या दिवशी नाना धानोऱ्याला एका लग्नाची सुपारी घ्यायला गेले होते. अर्ध्यावर दगडूनं काड्या थांबवल्या. “ताई, राजपुत्र कव्हय येई?”

“तो नही येस.”

“का बरं?”

“त्याना घोडा पंक्चर झाया.”

सगळे हसले. दगडू हटेना. “मंग तिले कोन सोडावस?”

“तीच उतरस. खाले दुसरी राजकन्या तिनी वाट दखी ऱ्हायनी ना.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र क्लॅरिनेटच्या चाव्यांकडे बघत राहिले.

“दोन्ही पोरीच?”

“हाव. दोन्ही पोरीच.”

मग युसुफचाचा म्हणाले, “बजाव रे दगडू, बजाव. गोष्ट नंतर.” ते ऐकून न ऐकल्यासारखं करणारे होते. आणि दगडू वाजवू लागला.

दुसऱ्या राजकन्येचे सूर थोडेच होते, सगळे खालचे. मला येत होते तेवढेच. राक्षस मरतो, पोपट गप्प होतो, आणि मग कोणी वर चढून जात नाही. पहिली क्लॅरिनेट एकटी हळूहळू उतरत येते, खालच्या सुरावर थांबते, आणि तिथे दुसरी तिला उत्तर देते. संपलं.

आमच्याकडे काही लिहून ठेवायची पद्धत नाही. बँडमध्ये ज्याचा तुकडा त्याच्या बोटांत असतो. सगळी गोष्ट फक्त जागृतीपाशी होती. ती गेल्यावर गोष्टीचे तुकडे झाले आणि माणसांमागोमाग नंदुरबारच्या गल्ल्यांमध्ये पांगले. माझा तुकडा माझ्याकडे. तो मी उशीवर बोटं ठेवून वाजवायचे, आवाजाशिवाय. काही रात्री बोटं चुकायची आणि मला घाम फुटायचा. मी विसरले तर ती वाट बघणारी कोणाला सापडणारच नव्हती. राजपुत्र मात्र कोणीही आणून बसवला असता. तो नेहमीच तयार असतो. गावाला ती छान गोष्ट वाटली असती, टाळ्या पडल्या असत्या, आणि जागृती दुसऱ्यांदा गेली असती...

चप्पल खाली ठेवून मी आत गेले. माझी नेहमीची खुर्ची मागे, कोटांच्या खाली होती. तिच्यावर आता युसुफचाचांची तंबाखूची डबी ठेवलेली. मी भिंतीशी उभी राहिले. जागृतीची क्लॅरिनेट नानांच्या हातात होती. तिचा रियाज घरात रोज ऐकून पहिल्या क्लॅरिनेटचे सूर त्यांना पाठ झाले होते. राजपुत्र नाही, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुरांवरून ते कळायचं कसं?

वाजवणं सुरू झालं. राक्षस आला, पोपट ओरडला. राक्षस मेला. नाना एकटे राहिले. डोळे मिटून ते मुलीचे सूर उतरू लागले, एकेक पायरी, मध्ये श्वास पुरेना म्हणून थांबत. ती माझ्यासाठी उतरली होती तसेच. बरोबर त्याच सुरावर येऊन ते थांबले. पत्तीवर ओठ तसाच. वाट बघत.

युसुफचाचांनी ट्रम्पेट तोंडाशी नेली.

मला अहिराणी सगळी समजते, पण जीभ वळत नाही. जागृती त्यावरून माझी फार चेष्टा करायची. माझा आवाज शेडमध्ये कोणी धड ऐकलाही नव्हता. तो फाटला, मधल्या सुरांवर माझी क्लॅरिनेट चिरकायची तसा. पण निघाला.

“नाना, राजपुत्र नही शे. तठे मी शे.”