मामांनी रचलेलं राज्य

मी देवासच्या एका शाळेत हिंदी शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक वक्ते आले होते, माळव्याच्या विसरलेल्या इतिहासावर बोलायला. तळहात उघडला की त्यातून उजेड पडायचा अशा एका राणीची गोष्ट त्यांनी सुरू केली आणि मी खुर्चीत ताठ झाले. ही राणी माझ्या मामांनी रचलेली होती.

मामा धारला राहतात. तरुणपणी कचेरीतली नोकरी सांभाळून ते हिंदी कॉमिक्स लिहायचे. इंदूरचा एक लहानसा प्रकाशक ती छापायचा. देवासच्या कारखान्यात काम करणारी मुलगी, वाऱ्यावरून चालणारा पोस्टमन असे त्यांचे सुपरहिरो. सगळे एकाच बुडालेल्या राज्यातल्या लोकांचे वंशज. त्या राज्याचा आणि त्याच्या राणीचा इतिहास मामांनी झेंड्यापासून लढायांपर्यंत मनानेच उभा केला होता. पुढे प्रकाशन बंद पडलं आणि लोक ते विसरले. खरं तर आम्ही घरचेही विसरलो.

वक्ते मात्र ते खरं म्हणून सांगत होते. शिवाय राणीने म्हणे बाहेरून आलेल्या लोकांना कापून काढलं, आणि त्यांची पिलावळ आजही आपल्यात राहते, सावध राहा. समोर आठवीच्या मुली बसल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी मी धार गाठलं. मामांनी दिवाणाखालची पेटी ओढून दिली. दुपारभर मी ती पिवळी पडलेली कॉमिक्स वाचत बसले. राणी चुलीची आण घेते, ती थेट आमच्या आजीच्या तोंडची. नदी डोंगराकडे उलटी वाहते, तेही वक्त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं.

मामा हसायला लागले. "अगं, तो छापखान्याचा घोळ. नकाशा उलटा छापला गेला. मग पुढच्या अंकात मी लिहून टाकलं की राणीनेच नदी वळवली."

मग मी शत्रूंबद्दल सांगितलं. त्यांचं हसू मावळलं.

"माझे शत्रू म्हणजे सावल्या होत्या," ते म्हणाले. "आपली माणसं हरवलेल्या सावल्या. राणी त्यांना उजेड दाखवून घरी पाठवते. एकालाही मारत नाही ती." मग म्हणाले, "आणि बाहेरून आलेले म्हणजे कोण गं? आपले पूर्वज मराठा दरबाराबरोबर दक्षिणेतूनच आले ना इथे?"

पुढच्याच आठवड्यात मामा देवासला आले आणि आम्ही दोघं त्या वक्त्यांच्या घरी गेलो. माणूस गोड बोलणारा. चहा झाला. कॉमिक्सची पानं चाळून तो म्हणाला, "काकाजी, आपने किसी पुरानी लोककथा से ली होगी."

"नहीं भिया, मेरी बनाई हुई है," मामा इकडच्या माळवी ढंगात म्हणाले.

"कोई प्रमाण?"

मामांनी त्याच्या हातातल्या अंकाकडे बोट दाखवलं.

"ये तो कॉमिक्स है," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. उलट्या नदीसकट सगळी गोष्ट याच पानांवरून उचलायची, तेव्हा तो इतिहास. आणि लिहिणारा समोर येऊन बसला की ती नुसती कॉमिक्स? मी हे तोंडावर विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, बच्चों में जोश आता है ना? बस." वर मामांना पुढच्या कार्यक्रमात शाल द्यायचीही तयारी दाखवली.

मामांनी कप खाली ठेवला. "शॉल रहने दो. मेरी परछाइयों की जगह तुमने आदमी रख दिए. वो हटाओ."

त्याने काही हटवलं नाही. राजगढला त्याने तेच भाषण दिल्याचं परवाच कानावर आलं.

माझ्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, वाद नको. मी ऐकलं नाही. माझ्या तासाला आठवीच्या मुलींना लढाईचा अंक पहिल्या पानापासून वाचून दाखवला. सावल्या एकेक करून घरी गेल्या आणि अंक संपला. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मैडम, फिर उन सर ने झूठ क्यों बोला?"

मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "तुम्हें डराने के लिए."