हौसाक्कांची स्पॅनिश

बालगृहातल्या लेखनिक बाईंचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवालीशी बोलत होते. "बाई, हौसाक्का गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ पलीकडून फक्त पोरांचा गलका ऐकू येत राहिला... कुणीतरी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होतं. चारच दिवसांपूर्वी मी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता, तरी त्यांनी सलाईन बदलायला आलेल्या नर्सला दरडावलं होतं, "जरा दम खावा की, बाईंशी बोलतोय न्हवं मी!" आज आक्कांना जाऊन दीड महिना झाला. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं, तेव्हा बालगृहातल्या पंचवीस-तीस मुली ओळीनं हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या आणखी कितीतरी मुली मात्र सात समुद्रांपलीकडे होत्या, आणि त्यांना कळवणार कोण, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला सुचला नाही.

हौसाबाई कांबळे म्हणजे हातकणंगले तालुक्यातल्या एका लहान गावच्या. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि घेतल्याबरोबर ठरवलं, की आपली मुलगी शाळेत जाणार. गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढं चार मैल चालत जाऊन त्या दहावी झाल्या. लग्न होऊन इचलकरंजीला गेल्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तिशीत त्या कोल्हापुरात एका बालगृहात काळजीवाहक म्हणून लागल्या. तिथं त्या सगळ्यांच्या आक्का झाल्या. मी मुलींच्या हायस्कुलात सकाळच्या सत्रात इंग्रजी शिकवत असे. बालगृहाच्या अधीक्षकांच्या विनंतीवरून परदेशातून येणारी इंग्रजी पत्रं वाचून द्यायला महिन्यातून एकदा तिकडं जात असे. तेव्हा त्यांची माझी ओळख 'बाई' आणि 'आक्का' एवढीच. चहाचा कप पुढं ठेवताना त्या म्हणत, "लई ऊन लागलं काय, बाई?" तेवढंच बोलणं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बालगृहातली काही मुलं स्पेनमधल्या कुटुंबांत दत्तक जाऊ लागली. त्यातली पहिली मोठी मुलगी मंगल, वय वर्षं सहा. तान्ह्या बाळांना भाषा नसतेच, पण मंगल चांगली चुरूचुरू बोलणारी होती. तिला न्यायला आलेलं जोडपं फार भलं होतं. आना नावाची ती बाई तिच्यापुढं गुडघ्यावर बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मंगल आक्कांचा पदर धरून म्हणाली, "आक्का, हिला सांग, मला शूला जायचंय." सगळे हसले. आक्का नाही हसल्या. गाडी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "इथं मी हाय. इमानात कुणाला सांगंल वो ती?"

आठ महिन्यांनी आनाचं पत्र आलं, सोबत इंग्रजी भाषांतर. मंगल आनंदात आहे, शाळेत जाते, पोहायला शिकली. मराठी आता अजिबात बोलत नाही. आणि शेवटी एक प्रश्न होता: पहिले दोन महिने झोपवताना ती एकच शब्द म्हणत रडायची, तो आम्हाला कुठल्याच शब्दकोशात सापडला नाही, ऐकू आला तसा लिहिते आहे, त्याचा अर्थ काय? खाली रोमन अक्षरांत काहीतरी होतं. मी दोनतीनदा मोठ्यानं वाचलं. उआकल... उआकल... मलाही उमगेना. आक्का पलीकडे मुलींच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"वाकळ," त्या म्हणाल्या. "वाकळ मागत हुती ती."

आमच्याकडं जुन्या लुगड्यांच्या गोधडीला वाकळ म्हणतात. बालगृहात प्रत्येक मुलीची आपली वाकळ असते. मंगलला परदेशी पाठवताना तिला नवे कपडे, नवे बूट, नवी बाहुली सगळं दिलं होतं. जुनी वाकळ बरोबर द्यावी असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आक्का म्हणाल्या, "दोन म्हैनं पोरगी वाकळ मागत हुती आणि त्या माउलीला कळलं न्हाई. तिचा काय दोष? आमी पोरगी दिली, पर संगट एक शबुद दिला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या घरी हजर. पहिल्यांदाच आल्या होत्या. "बाई, त्यांची भाषा शिकाय किती दिस लागत्यात?" मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "मन लावलं तर वर्षभर." मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नव्हतं. पण इंग्रजीच्या शिक्षिकेला भाषांविषयी सगळं कळतं असा एक भ्रम असतो, तो मलाही होता. मी चौकशी केली. शहरात जर्मन शिकायची सोय होती, रशियनची होती, स्पॅनिशची नव्हती. शेवटी माझ्या भावानं मुंबईहून एक पुस्तक आणि दोन कॅसेट पाठवल्या. पुस्तक इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं होतं, आणि मुखपृष्ठावर तीन महिन्यांची हमी होती. म्हणजे शेहेचाळीस वर्षांच्या, दहावीचं इंग्रजी विसरून गेलेल्या बाईला एक भाषा शिकण्यासाठी आधी दुसरी शिकायची होती. मी तसं म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमी इंग्रजीचं मराठी करून द्या. फुडचं मी बघतो."

मी बघतो... कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जातो. शिक्षिका म्हणून मी जन्मभर मुलींचं हे 'चुकीचं' मराठी सुधारत आले. पण स्पॅनिशमध्येही 'मी जातो' आणि 'मी जाते' यांना एकच क्रियापद आहे हे कळल्यावर आक्का माझ्याकडं बघून विजयी हसल्या. "घ्या! ही तर आपल्या कोल्हापूरचीच भाषा हाय की. बाप्या नि बाई येकच बोलत्यात." नमस्काराला 'ओला' म्हणतात हे ऐकून त्यांनी विचारलं, "मग सुका म्हंजे काय?" पाण्याला 'आग्वा', भाकरीला 'पान'. "पानी मागायचं तर आग म्हणायचं, भाकरी मागायची तर पान म्हणायचं. कसली वो मानसं ही!" असं म्हणत म्हणत ते शब्द त्यांच्या डोक्यात पक्के बसले.

मुली दुपारी शाळेत असत तेवढा दीड तास त्यांना मोकळा मिळे. उन्हाळा असो की पाऊस, त्या चालत येत. एका दुपारी भूक, तहान, थंडी, भीती यांचा धडा निघाला. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांसाठी 'माझ्याकडे आहे' असं म्हणतात. 'तेंगो मिएदो', म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे भीती आहे'. मी ते समजावून सांगितलं आणि पुढच्या धड्याकडं वळले. त्या तिथंच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "हे ब्येस हाय, बाई. आपल्याला भीती वाटती, म्हंजे ती आपल्या अंगातच ऱ्हाती. त्यांच्याकडं असती. असती म्हंजे खाली ठेवताबी येत असंल." पस्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं, पण व्याकरण असं कुणी मला शिकवलं नव्हतं.

तीन महिन्यांत त्यांना बारा वाक्यं आली. पुढं जी मुलगी परदेशी निघाली तिला त्यांनी ती बाराही शिकवून पाठवलं. मला पाणी हवं, मला शूला जायचंय, मला इथं दुखतंय, मला जवळ घे. त्यांना जे वाक्य पंधरा दिवसांत आलं ते पोरीनं दोन दिवसांत उचललं, वर आक्कांच्या चुका काढल्या. त्याचा त्यांना कोण आनंद! त्या मुलीच्या घरून पत्र आलं, की विमानतळावरच तिनं 'मला भूक लागली' म्हटलं आणि तिची नवी आजी रडली.

पण वाक्यं येणं आणि भाषा येणं वेगळं. तिसऱ्या वर्षी एक जोडपं आलं, तेव्हा आक्का इस्त्रीची पांढरी साडी नेसून, सगळी तयारी करून ऑफिसात गेल्या. म्हणायचं ते धडाधड म्हणाल्या. ते दोघं हरखून गेले आणि उत्तरादाखल असं काही भरभर बोलू लागले, की आक्कांना त्यातलं एकही अक्षर कळेना. त्या खालमानेनं बाहेर आल्या. मग दोन महिने माझ्याकडं फिरकल्याच नाहीत. मीच गेले. "बाई, पोरं सा म्हैन्यात आपली भाषा इसरत्यात, आणि मला तीन वर्सात येक वाक्य उमगंना. माझं डोस्कं म्हातारं झालं." आज लिहिताना लाज वाटते, पण मी म्हणाले, "आक्का, सोडून द्या. पुष्कळ केलंत." मला वाटलं होतं, मी त्यांचं ओझं उतरवते आहे.

पंधरा दिवसांनी त्याच आल्या. "आनाला चिठ्ठी लिवा. म्हणावं, घरात कसं बोलता ते कॅसेटवर भरून धाडा. गाणी नकोत, भाषणं नकोत. सैपाक करताना बोलता, भांडता, ते धाडा." मला हे कधीच सुचलं नसतं. आनानं कॅसेट पाठवली. भांड्यांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, हसणं, आणि या सगळ्यांत आठनऊ वर्षांच्या मंगलचा आवाज... आक्कांनी तो पहिल्या क्षणी ओळखला. शब्द एकही कळत नव्हता. तरी भाजी निवडताना, घड्या घालताना ती कॅसेट चालू. दर सहा महिन्यांनी नवी येई, पण पहिली त्यांची सगळ्यांत आवडती. त्यात मंगल एकदा अगदी टेपजवळ येऊन बोलली होती. ते वाक्य आक्का गाण्यासारखं गुणगुणत.

किती दिवस गेले? मी मोजले नाहीत. आणखी तीन पावसाळे तरी गेले असतील. एका दुपारी त्या आल्या आणि नेहमीप्रमाणे पाणी न मागता खुर्चीवर बसून राहिल्या.

"बाई, मंगल काय म्हणती ते आज कळलं."

"काय म्हणते?"

"नो मे आकुएर्दो दे एया," त्या सावकाश म्हणाल्या. "आई तिला म्हणती, आक्कांना काय तरी बोल. आणि ही म्हणती, मला ती आठवत न्हाई."

इतकी वर्षं जे वाक्य त्या मायेनं उराशी धरून होत्या, ते हे होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी त्या हसत होत्या. "आवो, असं काय बघताय? पोरगी खरं बोलली की. आणि मला कळलं! पुस्तक न बघता, कुणी न सांगता, तांदूळ निवडता निवडता कळलं. आता येतीय बघा मला भाषा."

मंगल पंधरा वर्षांची झाल्यावर आई-वडिलांबरोबर कोल्हापूरला आली. उंच, केस कापलेली, घाबरलेली. संस्थेनं मुंबईहून एक दुभाषी बाई बोलावल्या होत्या. मीही हजर होते. आक्कांनी मंगलला मिठी मारली नाही. समोर बसल्या आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "मी तुला आठवत नाही, हे मला ठाऊक आहे. हरकत नाही. मला तू आठवतेस. काय विचारायचं ते विचार." हे मला नंतर दुभाषी बाईंनी सांगितलं. त्यांना त्या दिवशी दुसरं काही कामच उरलं नाही. मंगलनं विचारलं, "मी कशी होते?" आणि पुढचा तासभर आक्का सांगत राहिल्या. दूध पाहिलं की कशी पळायचीस, लहान पोरींना कशी वेणी घालायचीस, पहिला दात पडला तेव्हा तो मुठीत धरून दिवसभर कशी हिंडलीस. क्रियापदं चुकत होती, काळ चुकत होते, मंगल मधूनच हसत दुरुस्त करत होती. मग ती दुरुस्त करायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली. शेवटी आपण होऊन उठली आणि आक्कांच्या शेजारी, अगदी चिकटून, जाऊन बसली. आना खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

निघताना दुभाषी बाईंनी विचारलं, "किती वर्षं लागली हो तुम्हाला शिकायला?" आक्का म्हणाल्या, "अजून लागत्यात की."

आक्का गेल्यावर पंधरा दिवसांनी लेखनिक बाईंचा पुन्हा फोन आला. बालगृहातल्या एका सहा वर्षांच्या मुलीचे, सीमाचे, कागद पूर्ण झाले आहेत, ती दोन महिन्यांत स्पेनला जाणार. आक्कांनी तिला शिकवायला सुरुवात केली होती, ते अर्धं राहिलं. "तर तुम्ही याल काय, बाई?" मी म्हणाले, "अहो, मला कुठं स्पॅनिश येतंय?" पलीकडून त्या म्हणाल्या, "आक्का तर म्हणायच्या, समदं बाईंनाच येतंय, मी त्यांच्याकडनं शिकतोय..."

मंगलला आणि बाकीच्यांना मी पत्रं लिहिली. आणि आता मंगळवारी-शुक्रवारी दुपारी बालगृहात जाते. आक्का ज्या खोलीत मुलींना घेऊन बसत, तिथंच बसते. कपाटात त्यांची एक वही सापडली. ती मी कधी पाहिली नव्हती, कारण ती शिकण्याची नव्हती, शिकवण्याची होती. वळणदार देवनागरीत एकेक वाक्य, आणि शेजारी सूचना. 'हे पोट धरून शिकवायचे.' 'हे आधी शिकवू नये, पोरी रडतात.' 'हे पळता पळता म्हणवून घ्यावे.'

परवा 'मला इथं दुखतंय' या वाक्यावर आलो. मी वहीत बघून नीट, शांतपणे वाचलं, "मे दुएले आकी." सीमानं मान हलवली.

"आसं न्हाई, बाई," ती म्हणाली. "हळू म्हटलं तर कोन ऐकंल? ह्ये वरडून म्हणायचं असतंय." आणि छातीवर हात ठेवून, कंबर ताठ करून, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा अस्सल कोल्हापुरी आवाजात तिनं ते मला म्हणून दाखवलं.