तुणतुण्यावरचं आवतण

आमच्या घरात दोन वाद्यं होती आणि त्या दोघांची काही बरोबरी नव्हती. संबळ माझ्या नवऱ्याचं. ते वाजायला लागलं की लोक हातातलं काम टाकून यायचे. तुणतुणं सासऱ्यांचं, त्यांना मी मामा म्हणायचे. बांबूची काठी, तिला खाली लाकडाचा गोल डबा, डब्याच्या बुडाला शेळीचं कातडं आणि तिथून वर खुंटीपर्यंत गेलेली एकुलती एक तार. नवी नवरी होते तेव्हा मला त्या तुणतुण्याची कीव यायची. गोंधळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तेच तुण तुण. एकदा न राहवून मी विचारलंच, "मामा, ह्याला दुसरं काही येतच न्हाई का?"

मामा हसले. "न्हाई येत. संबळ कुठंबी उधळतंय, गाणारा कुठंबी जातोय. कुणीतरी एका जागी थांबाया पायजे ना."

आम्ही गोंधळी. धारूरच्या घाटाखालचं एक गाव आणि त्याच्या आसपासच्या वाड्या ही आमची घरं. लग्न झालं की त्या घरी गोंधळ घालायचा, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची आणि सगळ्यात आधी देवांना आवतण द्यायचं. तुळजापूरची आई, अंबाजोगाईची आई, जेजुरीचा देव, मग त्या त्या घराचं कुळदैवत, शेतातल्या बांधावरचा शेंदूर लावलेला धोंडासुद्धा. एकेकाला गावाच्या नावानं हाक मारायची, की बाबा, गोंधळाला ये. बाकीचं गाणं माझा नवरा म्हणायचा, पण हे आवतण मामांचं. तुणतुणं कानाजवळ धरून, डोळे मिटून ते हाका मारायचे आणि तेवढा वेळ संबळ अगदी हळू चालायचं. देव खरंच वाटेला लागले असतील, असं मलासुद्धा वाटायचं, आणि मी काही फार भाविक बाई नव्हे.

गावात वरची आळी आणि खालची आळी. दोघांची भावकी एकच, पण एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत. आमचं तसं नव्हतं. आम्ही दोन्हीकडं जायचो, दोन्हीकडं जेवायचो, आणि इकडची गोष्ट तिकडं कधी सांगायचो नाही.

मग पाऊस पडेनासा झाला. पहिल्या वर्षी लोकांनी धीर धरला. दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, जनावरं छावणीला गेली, टँकर आला की बायका कळशा घेऊन एकमेकींच्या अंगावर पडायच्या. अशात लग्नं कोण काढतो? ज्यांनी काढली त्यांनी देवळात हार घालून उरकली. आमचं संबळ खुंटीवर आणि आम्ही चुलीजवळ. तेवढ्यात ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप आला, कोयता धरता का म्हणून. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक ऊस तोडणार, एक मोळ्या बांधणार. मी लगेच तयार झाले. माहेरी ऊस तोडलेला होता, मला त्याचं भय नव्हतं.

मामांना मात्र ते ऐकवेना. त्यांचा धाकटा भाऊ असाच एका दिवाळीनंतर गाडीत बसून गेला होता, तो तिकडंच राहिला. "हा गेला की संबळ गेलं," ते म्हणायचे. "नुसतं तुणतुणं घेऊन मी काय भीक मागू?" त्यांना मुलगा जवळ हवा होता. गोंधळ टिकला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोकांनी त्यांना लालची म्हटलं.

त्याच सुमाराला साखर कारखान्याची निवडणूक लागली. खालच्या आळीचे एक पुढारी उभे होते, पॅनेलचे म्होरकेच. ते आमच्या दारात आले, बाजेवर बसले, बिनदुधाचा चहा प्याले आणि म्हणाले, "पोराला कारखान्यावर लावतो. तुमी फक्त प्रचाराच्या जीपमधी बसा."

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "वरची आळी दुसऱ्या पॅनेलकडं हाय. आपल्याला दोन्ही घरं सारखी."

"आपुन वाजवणारी माणसं," मामा म्हणाले. "आपल्याला कुणी कावून बोलंल?"

केजच्या बाजाराच्या दिवशी मी पोराला कडेवर घेऊन मिरच्या आणायला गेले होते. चौकात कर्णा लावलेली जीप उभी होती आणि तिच्यात हे दोघं. नवऱ्याच्या कमरेला संबळ, मामांच्या गळ्यात पॅनेलचा गमचा. आता प्रचाराची गाणी मामांना कुठली येणार? पॅनेलच्या पोरांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं. जन्मभर एकच काम केलेलं, ते म्हणजे बोलावण्याचं. त्यांनी तुणतुणं कानाजवळ नेलं, डोळे मिटले आणि आवतण सुरू केलं. तुळजापूरची आई, गोंधळाला ये. अंबाजोगाईची आई, गोंधळाला ये. आणि मग त्याच सुरात, त्याच ओळीत, त्या पुढाऱ्याचं नाव. साहेब, गोंधळाला या. त्यांच्यामागं पॅनेलचा एकेक उमेदवार, गावासकट.

बाजार खूश झाला. शिट्ट्या वाजल्या. जीपमधला माणूस म्हणाला, "आता हेच म्हणा सगळीकडं." नवऱ्याचा हात संबळावर अडखळलेला मी पाहिला. मामांना काही उमगलं नाही. मोठ्या माणसाला मानानं बोलवायचं तर कसं, याची त्यांना ही एकच रीत ठाऊक होती. मिरच्या घेऊन मी घरी आले.

पॅनेल निवडून आलं. पुढाऱ्यांनी शब्द पाळला, तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. नवरा कारखान्याच्या गेटवर लागला. मग पाऊसही झाला, आणि अडकून पडलेली लग्नं एकदम निघाली. वरच्या आळीत सगळ्यात मोठं लग्न होतं. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे गोंधळ आमच्याच लोकांनी घातलेले. मामांनी तुणतुण्याला नवं कातडं मढवलं, तार बदलली आणि बोलावण्याची वाट बघत बसले. लग्न तोंडावर आलं तरी कुणी आलं नाही. "गडबडीत इसरले असतील," म्हणत शेवटी ते स्वतःच निघाले. मलाही बरोबर घेतलं.

मालकीणबाई अंगणात गहू निवडत होत्या. त्यांनी बसायला सतरंजी दिली, चहा दिला. मग सूप बाजूला ठेवलं.

"बाबा, मताचा राग न्हाई मला," त्या म्हणाल्या. "मत कुणासाठीबी मागा. पर ज्या तोंडानं तुमी माझ्या देवीला हाक मारली, त्याच तोंडानं, त्याच ओळीत तुमी त्यांनाबी हाक मारली. मी केजच्या बाजारात हुते, माझ्या कानानं ऐकलंय. आता माझ्या लेकीच्या गोंधळाला देवी त्या हाकंला कशी यील?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांना भांडता तरी आलं असतं. ते "चुकलं, आक्का" एवढंच म्हणाले. निघताना बाईंनी मला गोंधळ्याच्या मानाचा शिधा बांधून दिला, खण-नारळासकट. बोलावलं नाही, पण मान चुकवला नाही. ते गाठोडं मला वाटेत इतकं जड झालं की काय सांगू. त्यांच्याकडं गोंधळाला अंबाजोगाईकडचे गोंधळी आले.

एका घरानं केलं की दुसऱ्याला सोपं जातं. हळूहळू वाड्याही सुटल्या. पण खरा घाव पुढाऱ्यांच्या घरून बसला. त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा त्यांनीसुद्धा बाहेरचेच गोंधळी आणले. ज्या माणसाला मामांनी देवांच्या शेजारी बसवलं, त्यालाही स्वतःच्या देव्हाऱ्यासाठी दुसरं तोंड हवं होतं. मला इतका संताप आला होता, की त्या लग्नाचं जेवण मी आमच्या घरात कुणाला जेवू दिलं नाही.

आणि एक गोष्ट अजून जाळते. आम्ही त्या वर्षी ऊसतोडीला गेलो असतो तर दिवाळीनंतर निघून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत परत आलो असतो. आमच्या भागात निम्मं गावच तोडीला जातं, म्हणून लग्नंही आखाजीनंतरच निघतात. म्हणजे कोयता धरला असता तरी एकही गोंधळ चुकला नसता. मामांना हे दिसलं कसं नाही? त्यांना भाऊ दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं. आणि संबळ गेलंच शेवटी. गेटवरच्या पाळ्या करून दमलेला माणूस घरी येऊन झोपायचा.

बऱ्याच वर्षांनी आमच्या मुलाचं लग्न झालं. गोंधळ आमच्याच अंगणात. नवऱ्याला संध्याकाळी ड्यूटी होती, म्हणून दुपारीच चौक मांडला. घर आमचं, देव आमचे, आता कुणाच्या रागालोभाचा प्रश्नच नव्हता. आवतण मामा देणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते धोतर नेसून, फेटा बांधून उभे राहिले. तुणतुणं सुरू झालं, संबळ सुरू झालं. एक फेर झाला, दुसरा झाला. मामा काही तोंड उघडेनात. नवरा माझ्याकडं बघायला लागला.

मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन जवळ गेले. "मामा, हाक मारा की."

ते माझ्याकडं वळले आणि अगदी हळू विचारलं, "मी बोलावलं तर येतील का गं?"

"येतील की. आपलंच घर हाय."

त्यांनी मान हलवली. "पोराचा संसार हाय. कशाला इषाची परीक्षा बघायची? त्याच्या बापाला म्हणू दे."

मग नवऱ्यानं आवतण दिलं. तुळजापूर झालं, अंबाजोगाई झाली, जेजुरी झाली. पुढं आमच्या कुळाचा देव होता, मामांच्या मूळ गावच्या माळावरचा. त्याचं नाव नवऱ्याला आठवेना. त्यानं दोनदा तीच ओळ घोळवली आणि बापाकडं पाहिलं. मलाही ते नाव माहीत नव्हतं. ते मामांनाच माहीत होतं. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले, पण आवाज आला तो फक्त तारेचा. थोडा वेळ वाट बघून नवरा पुढच्या गाण्याकडं वळला.