उठायची पाळी

भगीरथ गावाचं पाणी सोडायचा. सकाळी टाकीची चावी फिरवायची, आधी वरच्या आळीला पाणी द्यायचं, मग खालच्या, आणि सगळ्यांचे हंडे भरेपर्यंत टाकीखालच्या ओट्यावर बसून राहायचं. बसून राहण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या किन्हवलीच्या पट्ट्यात कोणी नव्हता. पाइपातून धावणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत तो असा बसे, की डोळे उघडे असले तरी माणूस घरी नाही असं वाटावं. त्याची बायको गीताबाई म्हणायची, "यांना हाक मारली का ती आधी माहुलीच्या डोंगरावर जाते, मंग यांच्यापर्यंत येते."

तरुणपणी हाच भगीरथ कबड्डी खेळायचा. चढाईला निघाला की समोरचे आपोआप दोन पावलं मागे सरत. मुरबाडला एका सामन्यात तो पकडला गेला, बाद झाला, आणि पडताना गुडघा असा दुखावला की लंगडतच बाहेर आला. कबड्डीत बाद झालेले गडी बाहेर रांगेत बसतात. आपल्या कोणी समोरचा एक मारला, की रांगेतला पहिला उठतो आणि पुन्हा आत जातो. भगीरथ रांगेत पहिला होता. पण त्या दुपारी त्याच्या गड्यांना कोणी मारताच आला नाही. शिट्टी झाली, सामना गेला. गुडघाही पुढे नीट झाला नाही, खेळ सुटला. तरी ते बसणं त्याला दुःखासारखं कधी आठवलं नाही. माणसांचा ओरडा लांब जाऊन नदीच्या आवाजासारखा झालेला, उन्हात तापलेल्या मातीचा वास, आणि आता आपल्याला बोलावतील, आता बोलावतील, असं वाटत राहिलेलं. डोळा लागण्याच्या आधीचं एक सुख असतं, तसलं काहीतरी ते होतं.

संध्याकाळी टाकीखालच्या त्या ओट्यावर गावातले खेळवेडे जमत. शेखर रोज आसनगावहून लोकलनं कल्याणला कामाला जायचा आणि आला की क्रिकेटशिवाय दुसरं बोलायचा नाही. स्वरूप कॉलेजात होता, त्याचा जीव फुटबॉलात. अंगणवाडीची कुणाली शाळेत असताना तालुक्याच्या संघातून खो-खो खेळलेली. मोबाइलवर कुठला ना कुठला सामना चालू असे आणि वाद मोबाइलच्या बाहेर चाले.

एका संध्याकाळी शेखर चिडून आला होता. त्याच्या आवडत्या फलंदाजाला पंचानं पायचीत दिलं होतं. कॅमेऱ्यात दिसत होतं, चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जात होता. पण तेवढ्यावर पंचाचा निकाल फिरत नाही.

"म्हंजे पंच बोलला असता नाय, तर तोच बॉल नॉट आउट," शेखर म्हणाला. "एकच बॉल, आणि दोन न्याय."

"आमच्यात तर दोन तास धावायचं आणि बरोबरी झाली का पाच पेनल्टींवर निकाल," स्वरूप म्हणाला. "मंग दोन तास धावले कशाला?"

"खो-खोत असलं काय नाय," कुणाली म्हणाली. "पाठलाग तुमीबी करा, आमीबी करतो. टाइम सारखा."

भगीरथ इतका वेळ नुसता ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पण बाद झाला त्याचं काय?"

"काय म्हंजे? बाद तो बाद, काका," शेखर म्हणाला.

"पहिल्याच बॉलवर गेलेला माणूस दिवसभर पॅड सोडून बसतो. कोण बोलावीत नाय त्याला. फुटबॉलात लाल कार्ड दाखवलं का घरी. आमच्या कबड्डीत तसं नाय. मेलेला उठतो. मला वाटतं, ज्या खेळात मेलेला उठतो तोच खेळ न्यायाचा."

 वरच्या टाकीतून पाणी ठिबकत होतं. मग कुणाली म्हणाली, "तसं खेळून बघू की एकदा."

रविवारी ते गावातल्या सावळारामच्या खाचरात जमले. भात कधीच कापून झालं होतं. बांधाच्या पलीकडे वाल फुलला होता, त्याचा हिरवट वास सगळीकडे होता. नियम ठरला तो असा: षटकांची मर्यादा नाही, सगळे बाद होईपर्यंत खेळायचं. पण षटकार बसला की बाद झालेल्यांतला पहिला गडी उठणार, आणि त्याला शेवटी पुन्हा खेळायला मिळणार. रांग मोडायची नाही, असं शेखरनंच बजावलं. कुणाली पंच झाली. शेखरच्या संघात एक माणूस कमी होता, म्हणून भगीरथला घेतलं, आणि मान म्हणून सलामीला पाठवलं.

पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला.

तो हसतच पेंढ्याच्या उडवीपाशी येऊन बसला. थोड्या वेळानं शेखरनं षटकार मारून चेंडू वालात टाकला, आणि कुणालीनं हात वर करून मोठ्यानं पुकारलं, "भगीरथकाका जिवंत!"

त्या दोन शब्दांनी त्याच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी का होईना, त्याला बोलावलं होतं. तो उभा राहिला, विजार झटकली, आणि उगाचच आकाशाकडे बघितलं. पाळी आली तेव्हा लंगडत धावून त्यानं थोड्या धावा काढल्या, एक चेंडू बांधाला लावला, मग झेल गेला आणि तो परत उडवीला टेकला. या खेपेला तो कशाचीही वाट बघत नव्हता.

खेळ मात्र काही केल्या संपेना. कोणी बाद झाला की कोणीतरी षटकार मारी आणि दुसरा उठे. आधी सगळे हसत होते. मग ऊन चढलं, कललं, आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्यांची पावलं जड झाली. स्वरूप सकाळपासून धावत होता आणि बॅटला त्याचा हात लागला नव्हता.

"ताई, हा कसला न्याय गो?" तो कुणालीला म्हणाला. "यांचे मेलेले उठतात म्हणून आमचे जिते मरायला आले. आमची पाळी कवा?"

"नियम सगळ्यांनी मिळून केला," शेखर म्हणाला. "तुमालाबी तोच."

"आमच्यापर्यंत आला तर ना."

उडवीला टेकलेल्या भगीरथला हे ऐकू येत होतं, पण पाण्याखालून ऐकू यावं तसं. पेंढा पाठीला ऊबदार लागत होता. मुरबाडचं मैदान कुठून तरी येऊन सावळारामच्या खाचरावर अलगद पसरलं होतं. रांगेत त्याच्या शेजारी त्याचे जुने गडी बसले होते, काही आता हयातही नसलेले, आणि कोणालाच घाई नव्हती. पलीकडे माहुलीचे सुळके धुरकट होऊन तरंगत होते. स्वरूपचे शब्द त्यात एखाद्या पानासारखे येऊन पडले. आमची पाळी कवा. भगीरथला वाटलं, आपल्या उठण्यानं कोणाच्या तरी पाळीची माती होते, हे आपण कधी मनातच आणलं नव्हतं.

शेवटची जोडी खेळत होती. शेखरनं पुन्हा एक उंच मारला, चेंडू वालात गेला. कुणालीनं पुकारलं, "भगीरथकाका जिवंत!"

उडवीपाशी काही हललं नाही.

"झोपले वाटतं," कोणीतरी म्हणालं.

"हलवा त्यांना," शेखर पिचवरूनच ओरडला.

कुणाली जवळ येऊन वाकली. भगीरथचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालला होता. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग सरळ होऊन म्हणाली, "हात लावून उठवायचं नाय. गडी आपल्या पायानं आत येतो."

"मंग दुसऱ्याला उठव."

"रांग मोडायची नाय, तूच बोलला व्हतास."

शेखर काही तरी पुटपुटला आणि परत उभा राहिला. पुढचा चेंडू त्यानं रागानंच मारला. तो उंच गेला, बराच वेळ उन्हात दिसेनासा झाला, आणि खाली आला तो थेट स्वरूपच्या हातात. डाव संपला. स्वरूप चेंडू तसाच धरून खाचरात आडवा झाला.

मग स्वरूपच्या संघाचा डाव सुरू झाला. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत स्वरूप खेळला. पुढे पुढे चेंडू दिसेना, नुसता आवाज येई, तेव्हा कुणालीनं खेळ थांबवला. कोण जिंकलं ते ठरलं नाही. बांधावर बसून त्यांनी नवा नियम केला: एका गड्यानं एकदाच उठायचं. शेखरला तो पटला नाही, पण पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन यष्ट्या रोवत होता. खेळ अजून त्याच नियमानं चालतो.

त्या संध्याकाळी गीताबाई वालाच्या शेंगा खुडून खाचराच्या वाटेनं परतली. भगीरथ केसांतल्या पेंढ्याच्या काड्या काढत तिच्याबरोबर चालू लागला.

"कुणाली बोलली, तुमी झोपलेलात," ती म्हणाली. "एवढ्या बोंबाबोंबीत?"

"हूं."

"खरंच झोप लागलेली?"

भगीरथनं ओटीतल्या शेंगांचा भार तिच्याकडून आपल्या उपरण्यात घेतला. थोडं चालल्यावर म्हणाला, "हाक ऐकू आली व्हती. गोड वाटली. मनात बोललो, ऱ्हाऊ दे, त्या पोराला खेळू दे."

 वाट अरुंद झाली तशी गीताबाई पुढे झाली, आणि तो तिच्या मागून, दुखरा पाय सांभाळत, बांधाबांधानं घराकडे निघाला.